चार आवाजांतील एक नाताळगीत

नाताळ जवळ आला कीं सोलापुरांतील ख्रिस्ती घरांतून पेटी आणि तबला बाहेर निघतात, व रेव्हरंड नारायण वामन टिळकांचीं पदें आळविलीं जातात. तीं गातांना स्त्रीपुरुष सर्वजण एकच चाल म्हणतात. भेद एवढाच कीं पुरुषांचा स्वर एक सप्तक खालीं असतो. यंदा शाळेच्या गायकवर्गाकडून आम्ही एक निराळें गीत बसवून घेत आहों.

क्रिस्तिना रोझेटी (१८३०–१८९४) ह्या इंग्रज कवयित्रीची ही पांच कडव्यांची कविता १८७२ सालीं एका अमेरिकन मासिकांत प्रसिद्ध झाली. आरंभीं कडक हिंवाळ्याचें वर्णन आहे. सरावाच्या वेळीं एका मुलानें विचारलें, "सर, बेथलेहेमांत एवढें बर्फ पडतें काय?" प्रश्न रास्त होता. तेथें बर्फ क्वचितच पडतें. कवयित्रीनें आपल्या देशाचा हिंवाळा त्या गव्हाणीभोंवतीं पसरला आहे. आपल्या सिद्धेश्वर तलावाचें पाणी कांहीं गोठावयाचें नाहीं. पण आपणही बाळ येशूसाठीं मराठी पाळणा म्हणतोंच ना?

ह्या कवितेच्या दोन चाली विशेष प्रसिद्ध आहेत. पहिली गुस्टाव होल्स्ट ह्यांची, १९०६ च्या ‘इंग्लिश हिम्नल’मधील. ह्याच होल्स्टनीं संस्कृत शिकून पुढें ऋग्वेदांतील सूक्तें समूहगायनासाठीं स्वरबद्ध केलीं, हें आपल्या वाचकांस कौतुकाचें वाटेल. दुसरी चाल हॅरल्ड डार्क ह्यांची, १९०९ ची. कवितेच्या ओळींत अक्षरें कमीजास्त आहेत. होल्स्टची चाल सर्व कडव्यांना एकच असल्यामुळें जादा अक्षरें स्वरांत दाटून बसवावीं लागतात. डार्कनीं कडव्यागणिक रचना बदलली. आरंभ एकट्या आवाजानें होतो, मागाहून समूह येतो. कलेच्या दृष्टीनें ती सरस खरी. परंतु तींत चौथें कडवें गाळलें आहे, आणि देवदूतांच्या गर्दींत आई बाळाचा मुका घेते तें हेंच कडवें! तें सोडण्यास आमचें मन घेईना, म्हणून होल्स्टची चाल निवडली.

आतां चार आवाजांविषयीं. सोप्रानो हा मुलींचा वरचा आवाज, आल्टो त्यांचाच खालचा. टेनर व बास मोठ्या मुलांचे. समजा, सोप्रानो ‘प’वर आहे, त्याच क्षणीं आल्टो ‘ग’ धरील, टेनर व बास आपापल्या सप्तकांतील ‘सा’ धरतील. आपल्या रागांत स्वर एकामागून एक येतात; येथें ते एकाच वेळीं उमटतात, आणि कान दचकतो.

गेल्या वर्षीं आमची चूक झाली. दुसरें एक गीत बसवितांना सर्वांस आधीं मुख्य चाल शिकविली. परिणामीं आल्टोच्या मुली दुसऱ्याच ओळीस तिकडे पळाल्या, व बाकीचे तिघे गोंधळले. यंदा प्रत्येक आवाजाचा वर्ग निराळा घेतों व सरगम लिहून देतों. जॉन कर्वेन ह्यांच्या सोल-फा पद्धतींतही आपल्या ‘सा’प्रमाणें आधारस्वर हवा तेथें नेतां येतो, त्यामुळें मुलांस ती परकी वाटत नाहीं. शब्द मात्र इंग्रजीच ठेवले आहेत, कारण मराठी शब्द घातले तर आघात भलत्याच अक्षरावर पडतात.

पालकांस एक विनंती. आपली मुलगी घरीं चाल नसलेले, एकाच ठिकाणीं घुटमळणारे सूर गुणगुणूं लागली, तर ती बेसूर झाली असें समजून तिला थांबवूं नये. ती आल्टोचा अभ्यास करीत आहे.