पाच सेंटिमीटरची करामत

संक्रांतीला पतंग उडवण्यापूर्वी त्याचे मंगळसूत्र बांधावे लागते. ते नीट जमले नाही, तर उत्तम कागदाचा पतंगही गिरक्या खात खाली येतो. हाच प्रश्न दहा चौरस मीटरच्या पतंगाला आणि त्याने ओढल्या जाणाऱ्या माणसाला कसा भेडसावतो, ते आज पाहू.

समुद्रात फळीवर उभे राहून पतंगाच्या ओढीने लाटांवरून धावण्याच्या खेळाला काइटबोर्डिंग म्हणतात. 1984 साली फ्रान्समधील ब्रुनो व डॉमिनिक लेगेन्यू या भावांनी हवा भरून फुगवायच्या पतंगाचे पेटंट घेतले. पाण्यात पडला तरी हा पतंग बुडत नाही आणि पुन्हा उडवता येतो. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पतंगाच्या शर्यती मार्सेयच्या समुद्रात झाल्या. गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावरही हा खेळ चालतो.

या पतंगाला बहुधा चार दोऱ्या असतात. प्रत्येक दोरी सुमारे 20 ते 24 मीटर लांब असते. पुढच्या दोन दोऱ्या पतंगाच्या पुढच्या कडेकडून येऊन खेळाडूच्या कमरपट्ट्याला जोडलेल्या असतात. बहुतेक भार त्याच पेलतात. मागच्या दोन दोऱ्या हातातील दांडीच्या दोन टोकांना बांधतात. दांडीचे डावे टोक ओढले की पतंग डावीकडे वळतो, उजवे ओढले की उजवीकडे. आणि सबंध दांडीच अंगाकडे ओढली तर? तर पतंगाची मागची कड खाली खेचली जाते आणि पतंग वाऱ्याला अधिक कललेला राहतो.

येणारा वारा आणि पतंगाचे अंग यांच्यामधील कोनाला आपण ‘आघात कोन’ म्हणू. हा कोन वाढला की पतंगाची ओढ वाढते, पण ती एका मर्यादेपर्यंतच. कोन फार वाढला, तर पाठीवरून वाहणारी हवा पाठीला धरून राहत नाही, तेथे भोवरे निर्माण होतात. पतंग मंदावतो आणि मागे मागे सरकत कोसळतो. उलट कोन फार कमी झाला, तर पतंग डोक्यावरून पुढे धावतो, त्याची पुढची कड दबते आणि दोऱ्या सैल पडतात. म्हणजे पतंगाला दोन्हीकडून धोका आहे. मधला योग्य कोन साधणे म्हणजेच पतंग जुळवणे.

आता थोडे गणित करू. पुढच्या व मागच्या दोऱ्या पतंगाला ज्या ठिकाणी जोडल्या आहेत, त्यांत 1 मीटर अंतर आहे असे समजा. मागच्या दोऱ्या 5 सेंटिमीटरने आखूड झाल्या, तर पतंग किती कलेल? स्पर्शज्या 0.05 असलेला कोन सुमारे 3 अंशांचा असतो. 20 मीटरच्या दोरीत 5 सेंटिमीटर म्हणजे केवळ चारशेवा भाग! एवढ्या फरकाने पतंगाची चाल बदलते.

आणि असा फरक आपोआप पडतो. पुढच्या दोऱ्यांवर भार जास्त, म्हणून वापराने त्या अधिक ताणल्या जाऊन लांबतात. त्यामुळे मागच्या दोऱ्या तुलनेने आखूड ठरतात. परिणाम तुम्हीच सांगा. बरोबर, आघात कोन वाढतो आणि चांगला पतंग सुस्त होतो.

म्हणून जाणकार खेळाडू अधूनमधून दोऱ्या तपासतो. चारही दोऱ्यांची टोके एकाच खुंटाला अडकवायची, पुढच्या दोऱ्या आखडणारा मधला पट्टा पूर्ण सैल सोडायचा, दांडी पूर्ण अंगाकडे घ्यायची आणि सारखा ताण द्यायचा. चारही दोऱ्या सारख्याच ताठ व दांडी सरळ असली पाहिजे. दांडीचे एक टोक खुंटाकडे झुकले, तर त्या बाजूची दोरी आखूड आहे. पतंग त्याच बाजूला वळत राहील. मागच्या दोऱ्या जोडण्याच्या जागी काही गाठी ठेवलेल्या असतात. फासा एक गाठ पुढेमागे सरकवला की लांबी बदलते. मात्र डावीकडे केलेला बदल उजवीकडेही तेवढाच करावा लागतो.

एवढी काटेकोर काळजी का? वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. हवेची घनता दर घनमीटरला 1.2 किलोग्रॅम धरून 10 चौरस मीटरच्या पतंगाचा ढोबळ हिशेब असा येतो: सेकंदाला 5 मीटर वाऱ्यात 150 न्यूटन, म्हणजे सुमारे 15 किलो वजनाइतकी ओढ. 10 मीटर वाऱ्यात 600 न्यूटन. 15 मीटरच्या झोतात 1350 न्यूटन, म्हणजे जवळजवळ 138 किलो! एवढी ओढ माणसाला सहज उचलते. अशा वेळी खेळाडू दांडी दूर लोटतो. मागच्या दोऱ्या सैल पडतात, कोन कमी होतो आणि ओढ उतरते. वारा वाढतच राहिला, तर मधला पट्टा ओढून पुढच्या दोऱ्या आखूड करतो. तेवढ्यानेही भागले नाही, तर कमरपट्ट्याजवळची सुटका-कळ दाबून पतंगाचा जोर पूर्ण काढून टाकतो. किनाऱ्यावरून निघण्यापूर्वी ही कळ नीट चालते की नाही, हे पाहणे दोऱ्या मोजण्याइतकेच आवश्यक आहे.

करून पाहा : एक साधा पतंग, सुती दोरी आणि शाळेतील स्प्रिंगकाटा घ्या. विजेच्या तारा नसलेल्या मोकळ्या मैदानावर जा. गच्चीवर नको. मंगळसूत्राचा वरचा धागा अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरने आखूड करीत जा. प्रत्येक वेळी काट्यावरील ओढ आणि दोरीचा जमिनीशी होणारा कोन वहीत नोंदवा. वारा एकसारखा नसतो, म्हणून प्रत्येक मोजणी निदान पाच वेळा करून सरासरी काढा. मग सांगा, जोराच्या वाऱ्यात वरचा धागा आखूड ठेवावा की लांब? आणि का?