इंग्रजीचा तास : समजूत आणि आचरण

राज्यातील मराठी शाळांत इयत्ता पहिलीपासून इंग्रजी हा विषय सन २००० मध्ये सुरू झाला. तत्पूर्वी तो पाचवीपासून असे. शिकण्याची वर्षे वाढली. तथापि दहावी उत्तीर्ण झालेला आपला विद्यार्थी आकुर्डी-भोसरीच्या एखाद्या कारखान्यात मुलाखतीस गेला, की स्वतःविषयी चार वाक्ये बोलताना अडखळतो. याचे मूळ त्याच्या बुद्धीत नसून शिक्षक व विद्यार्थी या दोघांच्या समजुतींत आहे.

भाषा वापरल्यानेच येते, हे संवादाधिष्ठित अध्यापनाचे तत्त्व बहुतेक शिक्षक मान्य करतात. प्रत्यक्ष तासाला मात्र धडा वाचणे, मराठीत अर्थ सांगणे, उत्तरे फळ्यावर लिहून देणे व ती पाठ करून घेणे, हाच क्रम चालतो. परीक्षा लेखी, वर्ग मोठा आणि बोलण्याचा सराव शिक्षकालाही बेताचाच. विद्यार्थ्याची समजूत याला पूरक ठरते : आधी व्याकरण पक्के होऊ दे, मग बोलेन. ज्याच्या घरात शिक्षणाची पहिलीच पिढी आहे, त्याला चुकीवर उमटलेले हसू अधिक झोंबते. तो गप्प बसतो. आणि त्याच्या मौनाचा अर्थ आपण ‘येत नाही’ असा लावतो.

एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील साध्या शाळांत वेगळा प्रयोग केला. व्याकरणाचे पाठ न देता त्यांनी मुलांपुढे वेळापत्रके, नकाशे आणि सोडवायची कोडी ठेवली. एक कृती शिक्षक सर्व वर्गासह सोडवी. तशीच दुसरी विद्यार्थी स्वतः सोडवीत. लक्ष अर्थाकडे असल्याने भाषा त्याच्या मागोमाग येई.

याचा अर्थ भाषांतर त्याज्य आहे, असा नव्हे. बालपणी बाबासाहेबांकडून रामजी सुभेदारांनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला करवून घेतली होती. परंतु ते शिक्षण पाठमालेपाशी थांबले नाही. अफाट वाचनाने ते वाढले आणि १९३० च्या गोलमेज परिषदेत त्याच इंग्रजीतून अस्पृश्यांची बाजू जगापुढे मांडली गेली. भाषांतर हा उंबरठा होय, घर नव्हे.

सावित्रीबाईंनी १८५४ च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, तो शोभेसाठी नव्हे, मुक्तीसाठी. निवासी शाळेस तर दिवसभराचा सहवास लाभलेला असतो. पुणे-लोणावळा लोकलचे वेळापत्रक जोडीजोडीने वाचून आकुर्डीहून शिवाजीनगरला दहापूर्वी पोहोचण्याचा बेत मुलांना इंग्रजीत आखू द्यावा. भोजनगृहातील हिशेब, ग्रंथालयातील नोंद, पाहुण्यांचे स्वागत ही कामेही आठवड्यातून एक दिवस इंग्रजीत व्हावीत. बोलणे चालू असताना चूक अडवू नये. ती टिपून ठेवावी आणि नंतर, नाव न घेता, सर्वांसमोर समजावावी. शिक्षकानेही न संकोचता बोलावे. त्याचे धैर्य पाहूनच विद्यार्थ्याचे मौन सुटेल.