गाबोळी, डोकं आणि मॉरिशसचा समुद्र

मासा ओळखता येतो, हा कोकणी माणसाचा अभिमान मॉरिशसला उतरल्याबरोबर बाजूला ठेवावा. कल्ले लाल, डोळा चकचकीत, बोटाने दाबलं तर मांस लगेच वर येणारं, हे सगळं ज्ञान मासा ताजा की शिळा एवढंच सांगतं. तिथे मात्र अगदी ताजा मासाही माणसाला अंथरुणाला खिळवू शकतो.

आमच्याकडे तेच झालं. ओळखीच्या एका हौशी गळवाल्याने प्रवाळाच्या कडेला पकडलेला चांगला दांडगा मासा आणून दिला. मुलकातून नेलेली तिरफळं घालून कालवण केलं. डोकं आणि गाबोळी रिवाजाप्रमाणे नवऱ्याच्या ताटात गेली. रात्री उलट्या, जुलाब. ते कुठेही होतं. पण दुसऱ्या दिवशी ओठांभोवती मुंग्या आल्या आणि थंड पाण्याचा पेला त्याच्या हातात ठरेना. पाणी चटका देतंय, म्हणाला. शेजारच्या तांतीनने (वडीलधाऱ्या बाईला तिथे अशीच हाक मारतात) मासा ताजा होता का, हे विचारलंच नाही. तिचा प्रश्न होता, ‘कोणता मासा, आणि कुठे धरला?’

या विषबाधेला सिग्वातेरा म्हणतात. प्रवाळावरच्या शेवाळाला धरून राहणारे सूक्ष्म जीव विष तयार करतात. शेवाळ खाणाऱ्या माशांतून ते त्यांना खाणाऱ्या मोठ्या माशांत जातं आणि साठत राहतं. त्याला वास नाही, चव नाही. उकळून, तळून, गोठवूनही ते जात नाही. उतारा नाही, डॉक्टर लक्षणांवर औषध देतात. विष सर्वांत जास्त असतं काळजात, आतड्यांत, डोक्यात आणि गाबोळीत. म्हणजे नेमकं आपण ज्यावरून भांडतो त्यात! तांबोशीच्या कुळातला वारावारा यासाठी कुप्रसिद्ध आहे; अशा विषारी माशांची यादीच तिथल्या कायद्यात दिलेली आहे. बरं वाटू लागल्यावरही काही महिने मासे, दारू आणि सुकामेवा टाळावा लागतो, नाहीतर मुंग्या परतू शकतात.

तेव्हा मासा कोणता आणि कुठला, हे सांगू शकेल अशाच माणसाकडून घ्या. प्रवाळाकडचा मोठा मासा कुणी फुकट दिला तरी नको म्हणा. डोकं आणि गाबोळी यांचा मोह सोडा. खाल्ल्यावर ओठ बधिरले तर घरगुती उपाय करत बसू नका. दवाखान्यात जा आणि मासा खाल्ल्याचं आधी सांगा.

या भीतीने मेतकूट-भातावर दिवस काढणारेही मी पाहिले आहेत. त्यांची मात्र मला खरोखर कीव येते. पोर्ट लुईच्या बाजारात दालपुरी जोडीनेच मिळते: पुरणपोळीसारखी डाळ भरलेली, पण खारी, वर पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोचा रुगाय (रस्सा) आणि मिरचीची चटणी. चटणी पहिल्यांदा वेगळी मागा, ती सरसकट लावतात. डाळवड्यासारखे गातो पिमां सकाळी पावात घालून खातात. अलुदा म्हणजे सब्जा घातलेलं थंडगार दूध. शेवग्याचा पाला आणि अळू बाजारात दिसले की घरच्यासारखं वाटतं. तिथे पाल्याचं पातळ सार करून भाताबरोबर घेतात. शाकाहारी माणसाने मात्र दोनदा विचारावं, कारण त्या सारात कधी सुकट असते आणि ‘मांस नाही’ म्हणून दिलेल्या चिनी नूडल्समध्ये ऑयस्टर सॉस.

मासे सोडवत नसतील तर खोल समुद्रातला ट्यूना घ्या. सिग्वातेराचं भय प्रवाळाकडच्या माशांचं. ट्यूना मात्र बर्फातलाच हवा. तो उन्हात तापला असेल तर अंगावर गांधी उठतात आणि तेही शिजवून टळत नाही. इथे आपली जुनी पारख पुन्हा थोडीफार कामाला येते. तुकडे तळून त्यांचा विंदाय करा: मोहरी वाटलेली, हळद, लसूण, कांदा, हिरव्या मिरच्या, व्हिनेगर. लगेच खाऊ नका. रात्रभर मुरू द्या आणि सकाळी ताज्या पावात भरा.