दोन मिलिमीटर

आमची फियाट पालिओ बाबांनी २००३ च्या दसऱ्याला घेतली. १.२ लिटरचं पेट्रोल इंजिन आणि १३ इंची लोखंडी रिम. तीन वर्षांपूर्वी जुलैत ताम्हिणी घाटात पाण्याने तुडुंब भरलेल्या खड्ड्यात डाव्या बाजूची दोन्ही चाकं आदळली. पुढच्या रिमची कड आत वळली. मागच्या रिमला, मधली तबकडी जिथे वेल्ड केलेली असते तिथे बोटभर चीर गेली. त्या रात्री मला वाटलं, चार दिवसांचं काम आहे. लागले पाच महिने. पालिओ बनायची थांबून बरीच वर्षं झाली आहेत आणि तिची चाकं इतर बहुतेक गाड्यांना चालत नाहीत, म्हणून दुकानदारही ती ठेवत नाहीत. या पाच महिन्यांत जे कळलं, ते जुनी गाडी सांभाळणाऱ्या कुणाच्याही उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

१. आधी पीसीडी, बाकी सगळं नंतर.

चाकाची चार भोकं एका वर्तुळावर असतात. त्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी. पालिओचा पीसीडी ९८ मिमी आहे. सिएना, पेट्रा आणि युनो या फियाटच्या गाड्यांचाही तोच. सँट्रो, इंडिका, होंडा सिटी आणि २००५ नंतरची स्विफ्ट या गाड्या १०० च्या. झेन आणि एस्टीम ११४.३ च्या, फोर्ड आयकॉन १०८ ची. म्हणजे रस्त्यावर चार बोल्टांच्या गाड्या पुष्कळ दिसल्या, तरी आपल्या कामाच्या थोड्याच.

मोजायला सोपं आहे. भोकांचे मध्यबिंदू डोळ्यांनी नेमके सापडत नाहीत, म्हणून समोरासमोरची दोन भोकं घ्यावीत. एका भोकाच्या आतल्या कडेपासून दुसऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजलं की पीसीडी मिळतो. शिंप्याच्या टेपवर ९८ आणि १०० मधला फरक नीट कळत नाही. मी व्हर्नियर कॅलिपर विकत घेतला आणि पुढे प्रत्येक दुकानात तो पर्समधून काढला.

२. ‘बसतंय’ या शब्दावर गाडी चालवू नये.

हा धडा मी सर्वांत महाग शिकले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिल्याच आठवड्यात एका दुकानात मला चार अलॉय व्हील दाखवली. सुंदर होती. पीसीडी विचारल्यावर दुकानदार म्हणाले, “ताई, शंभरचा आहे, पण दोन मिलिमीटरने काय होतंय? सगळ्या पालिओंना हीच बसवतो आम्ही.” तेव्हा माझ्याकडे कॅलिपर नव्हता आणि धीरही नव्हता. त्यांच्या माणसाने बोल्ट आवळले, जोर लावून आवळले, आणि चाकं खरंच बसली.

आत काय झालं होतं ते मला नंतर समजलं. बोल्टाच्या डोक्याखालचा भाग शंकूसारखा निमुळता असतो. तो रिमच्या तशाच खोलगट जागेत सगळीकडून टेकला, तर चाक हबच्या, म्हणजे ज्यावर ते बसवतात त्या भागाच्या, बरोबर मध्यावर येतं. पीसीडी दोन मिलिमीटरने वेगळा असला की प्रत्येक भोक मध्यापासून एक मिलिमीटर सरकलेलं असतं. मग एक बोल्ट नीट टेकतो आणि बाकीचे एकाच बाजूने टेकतात. पान्याला घट्ट लागतात, पण पकड त्या एका कडेवरच असते. चाक फिरताना कड झिजते आणि बोल्ट सैल होत जातो.

बाबांना घेऊन साताऱ्याला निघाले होते. खेड शिवापूरच्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागलं. मला वाटलं बॅलन्सिंग राहिलं असेल. पण वेग कमी केल्यावरही डावीकडून टक् टक् ऐकू येत होतं. बाबा म्हणाले, “थांब आधी.” कडेला घेऊन पाहिलं, तर पुढच्या डाव्या चाकाचे दोन बोल्ट हाताने फिरत होते. बाबांचं वय ७४. ते शेजारच्या सीटवर बसले होते, त्याच चाकावर. आजही तो आवाज आठवला की पोटात गोळा येतो.

तेव्हापासून माझी एकच परीक्षा आहे. चाक हबवर धरायचं आणि पाना न लावता चारही बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत फिरवायचे. चारही सहज गेले आणि चारही शंकू एकदम टेकले, तरच ते चाक आपलं. निमुळता भाग सरकता असलेले बोल्टही मिळतात, ते थोडा फरक सामावून घेतात. पण बाजारात कोणत्या दर्जाचा माल हाती येईल ते पाहून ओळखता येत नाही, आणि घाटात उतरताना मला ती शंका सोबत नको होती.

३. मधलं भोक.

पालिओच्या हबचा मधला उंचवटा ५८.१ मिमीचा. अलॉय बनवणारे अनेकदा एकच मोठं भोक ठेवतात, ७३.१ मिमीचं, म्हणजे तेच चाक अनेक गाड्यांना विकता येतं. मधली पोकळी भरायला प्लॅस्टिकची किंवा ॲल्युमिनियमची हब रिंग येते. स्वस्त वस्तू आहे, पण ती नसेल तर ताशी ८० च्या पुढे स्टिअरिंग कापतं आणि माणूस उगाच बॅलन्सिंगवर पैसे घालवत राहतो.

४. फियाटला बोल्ट, मारुतीला नट.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांच्या हबला खुंट्या असतात. चाक त्यांवर अडकवायचं आणि वरून नट आवळायचे. फियाटमध्ये खुंट्याच नाहीत. चाक हातात तोलून भोकं जुळवायची आणि बोल्ट आत घालायचे. पाऊस पडत असताना रस्त्याच्या कडेला हे एकट्या माणसाने करणं किती अवघड आहे, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. बोल्ट १२ मिमीचे, आटे १.२५ चे. १.५ च्या आट्यांचा बोल्टही सुरुवातीला दोन-तीन फेरे आत जातो आणि मग अडतो. तिथे कुणी जोर लावला की हबचे आटे गेले.

याहून मोठी गोष्ट लांबीची आहे. लोखंडी रिमची तबकडी पातळ आणि अलॉयची जाड, म्हणून अलॉयला लांब बोल्ट लागतात. आता विचार करा, चारही चाकं अलॉयची आणि डिकीत स्टेपनी लोखंडी. मागचं चाक पंक्चर झालं. पंक्चरवाल्याने अलॉयचे तेच लांब बोल्ट लोखंडी रिमला लावले, तर टोकं हबमधून पलीकडे निघून ड्रममधल्या ब्रेकच्या भागांवर घासतात. चाक जाम होऊ शकतं. म्हणून कंपनीचे जुने आखूड बोल्ट फेकायचे नाहीत. आमच्या डिकीत स्टेपनीखाली आखूड चार बोल्ट कापडी पिशवीत बांधलेले आहेत, आणि पिशवीवर मार्करने लिहिलं आहे : ‘फक्त लोखंडी चाकासाठी’. गाडी चालवणाऱ्या घरातल्या प्रत्येकाला मी ती पिशवी हातात देऊन दाखवली आहे.

५. ऑफसेट स्वतः काढता येतो.

रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणारा पृष्ठभाग किती सरकलेला आहे, तो ऑफसेट. तो कमी असला की चाक बाहेर येतं, मडगार्डला घासतं आणि बेअरिंगवरचा भार वाढतो. जास्त असला की आत सस्पेन्शनला लागतं. रिमवर ‘ईटी’ अशी अक्षरं आणि पुढे आकडा असतो, पण जुन्या रिमवर तो रंगाखाली गेलेला असतो. अशा वेळी रिम तोंड खाली करून जमिनीवर ठेवायची. वरच्या काठावर सरळ पट्टी आडवी टाकायची आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या भागापर्यंतची खोली मोजायची. तीतून काठांसकट रुंदीचा निम्मा भाग वजा केला की ऑफसेट. साडेपाच इंची रिम काठांसकट साधारण १६५ मिमी भरते, निम्मे साडेब्याऐंशी. खोली १२० आली तर ऑफसेट साडेसदतीस. हेच माप आपल्या गाडीच्या जुन्या रिमचं काढायचं आणि दोन्ही शेजारी लिहून पाहायचं.

६. इंच वाढला तरी टायरची उंची वाढू देऊ नये.

माझ्या जुन्या टायरवर १६५/८० आर १३ लिहिलेलं होतं. त्याचा एकूण व्यास ५९४ मिमी. शेवटी मला १४ इंची रिम मिळाल्या, त्यांवर १७५/६५ आर १४ चा व्यास ५८३ येतो, म्हणजे जवळपास दोन टक्क्यांनी कमी. तीन टक्क्यांपर्यंत मी चालवून घेते. भाराचा आकडाही पाहिला. जुन्यावर ८३ होता, म्हणजे ४८७ किलो. नव्यावर ८२, म्हणजे ४७५. आमच्या गाडीला तेवढा पुरेसा आहे. टायरवरचे तारखेचे चार आकडे वाचायला विसरू नये. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. नवा म्हणून दाखवलेला एक टायर असाच सहा वर्षांचा निघाला.

७. नवा रंग लावलेल्या जुन्या रिमपासून सावध.

पुण्यातली नाना पेठ पालथी घातल्यावर मी मुंबईत कुर्ल्याला गेले. सीएसटी रोडच्या बाजूला जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. फियाटचा कारखानाही पूर्वी कुर्ल्यालाच होता, म्हणून तिथल्या जुन्या माणसांना या गाड्या अंगाखांद्यावर खेळवल्यासारख्या माहीत आहेत. तिसऱ्या फेरीत, मोडीत काढलेल्या पालिओ १.६ ची चार अलॉय मिळाली. पीसीडी ९८, भोक ५८.१. रंग उडालेला होता, म्हणूनच घेतली. ताज्या रंगाखाली वेल्डिंगची रेघ लपते, चीर लपते.

टायर काढून आतल्या बाजूने रॉकेलचा बोळा फिरवला, बाहेरून खडूची पूड फासली आणि चहा होईपर्यंत थांबले. चीर असेल तर रॉकेल झिरपून खडूवर ओली रेघ उमटते. तीन रिम कोरड्या राहिल्या. चौथीवर केसाएवढी रेघ आली. दुकानाच्या चाचांनी वाद घातला नाही, ती बाजूला ठेवली आणि बारा दिवसांनी दुसरी मिळवून दिली. मग बॅलन्सिंगच्या मशीनवर प्रत्येक चाक फिरवून आऊट, म्हणजे फिरताना रिम किती डगमगते ते, पाहिला. एकीला थोडा होता, तो काढून घेतला.

बोल्ट आवळताना समोरासमोरचे आवळायचे, आधी हलके, मग पूर्ण. नवी चाकं लावून पन्नास-शंभर किलोमीटर झाले की पुन्हा पाना लावायचा. त्यासाठी आम्ही शिरवळला थांबलो. बाबांनीच पाना हातात घेतला. सोळापैकी एक बोल्ट पाव फेरा गेला.

ताम्हिणीतली चीर गेलेली ती रिम महिनाभर गॅलरीत होती. भंगारवाला दोनशे रुपये देत होता. ती वेल्ड करून, रंगवून कुणाच्या तरी गाडीला लागेल, कुणाचे तरी बाबा त्या चाकावर बसतील, एवढंच माझ्या डोक्यात येत राहिलं. शेवटी त्याच्याबरोबर त्याच्या आवारात गेले आणि माझ्यासमोर गॅस कटरने तिचे दोन तुकडे करून घेतले.