निर्धूळ कक्ष आणि गोमंतकाची हवा

पेडणे तालुक्यातील तुये येथे इलेक्ट्रॉनिक उत्पादनासाठी वसाहत योजिली गेल्यापासून, या विषयाचे प्रत्यक्ष शिक्षण व संशोधन गोव्यातच व्हावे, अशी अपेक्षा स्वाभाविक ठरते. सिलिकॉनच्या चकतीवर परिपथ कोरण्याचे काम मात्र साध्या प्रयोगशाळेत होत नाही. त्यास निर्धूळ कक्ष, म्हणजे क्लीनरूम, लागते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील नॅनोइलेक्ट्रॉनिकी केंद्र इतर संस्थांच्या संशोधकांनाही खुले करण्यात आले आहे. परंतु पेडण्या-डिचोलीच्या विद्यार्थ्याला प्रत्येक चाचणीसाठी मुंबई गाठणे परवडणारे नव्हे. म्हणून विद्यापीठातील जुन्या प्रयोगशाळेचेच रूपांतर करण्याचा विचार पुढे येतो.

येथे प्रथम हवेचा विचार करावा. पेडण्याच्या मोरजी-हरमल किनाऱ्यावरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असते; त्यातील सोडियम चकतीवरील ऑक्साइडच्या थरात शिरून ट्रान्झिस्टरचे गुणधर्म बदलतो. डिचोलीच्या खाणपट्ट्यातील तांबड्या धुळीत लोह असते, आणि लोहाचा अंशमात्र सिलिकॉनची विद्युत्-गुणवत्ता घटवितो. म्हणजे ज्या दोन द्रव्यांवर गोमंतकाचा मिठागरांचा व खाणींचा व्यवसाय उभा राहिला, तीच येथे वैरी ठरतात! धूळ पादत्राणांबरोबर आत येते. यास्तव वस्त्रांतराची खोली ही चैन नसून आवश्यकता होय.

तिसरी अडचण पावसाळ्याची. कक्षात २१ अंश सेल्सिअस तापमान व ४५ टक्के आर्द्रता राखावयाची, तर हवा सुमारे ९ अंशांपर्यंत थंड करून तिच्यातील पाणी काढावे व मग ती पुन्हा तापवावी लागते. जांभ्या दगडाची भिंत ओल शोषते. केवळ रंग देऊन ती थांबत नाही. जुन्या भिंतींच्या आत स्वतंत्र तक्तपोशीचे आवरण उभारून सांधे बंद करणे श्रेयस्कर. आतील दाब बाहेरच्यापेक्षा १० ते १५ पास्कल अधिक ठेवावा, म्हणजे फटींतून हवा बाहेर जाते, आत येत नाही. हा दाब पाण्याच्या मिलिमीटर-दीड मिलिमीटर उंचीएवढाच असतो. एक दार उघडे राहिले तरी तो नाहीसा होतो.

आता खर्च. आंतरराष्ट्रीय मानकानुसार पाचव्या वर्गाच्या कक्षात एका घनमीटर हवेत अर्धा मायक्रोमीटर वा त्याहून मोठे कण ३,५२० पेक्षा अधिक नसावेत. सातव्या वर्गात ही मर्यादा ३,५२,००० आहे. सहा मीटर लांब, पाच मीटर रुंद व तीन मीटर उंच खोली घ्या. छतातून सेकंदाला ०.४५ मीटर वेगाने सर्वत्र हवा सोडल्यास ताशी ४८,६०० घनमीटर हवा गाळावी लागेल. सातव्या वर्गासाठी ताशी ६० वेळा हवा बदलली, तरी ५,४०० घनमीटर पुरते. यास्तव संपूर्ण खोली सातव्या वर्गाची करून, प्रकाशमुद्रणाच्या मेजापुरतेच पाचव्या वर्गाचे छत्र उभारावे, हे आमच्या मते शहाणपणाचे. पंखे सुट्टीतही चालू ठेवावे लागतात. तेव्हा विजेची व गाळण्या बदलण्याची वार्षिक तरतूद बांधकामाच्या अंदाजपत्रकाबरोबरच मंजूर करून घ्यावी.