‘सिव्हिलायझेशन’चा सातवा भाग : विकत घ्यावा की थांबावे?

बुद्धिबळाच्या पटावर पांढऱ्याने मोहरे हलवले की काळ्याची पाळी येते. काळा विचारात गढून गेला, तर पांढऱ्याला गप्प बसून राहावे लागते. संगणकावरील खेळांचा एक मोठा वर्ग याच पद्धतीने चालतो. या खेळांत बोटांच्या चपळाईला मुळीच महत्त्व नसते. आपली फेरी आली की हवा तेवढा वेळ घ्यावा, आकडेमोड करावी, मग चाल करावी. या वर्गातील सर्वांत नावाजलेला खेळ म्हणजे ‘सिव्हिलायझेशन’. सिड मायर आणि ब्रूस शेली या दोघांनी रचलेला हा खेळ १९९१ मध्ये अमेरिकेत बाजारात आला. खेळाडूने इ. स. पूर्व ४००० च्या सुमारास एखादी वस्ती वसवायची, शेती, लेखन, लोखंड, वाफेचे यंत्र अशा पायऱ्या चढत जायचे आणि आधुनिक काळापर्यंत आपले राज्य टिकवायचे, अशी त्याची कल्पना. ११ फेब्रुवारी २०२५ रोजी त्याचा सातवा भाग प्रसिद्ध झाला. अमेरिकेत त्याची किंमत जवळजवळ ७० डॉलर होती. सहावा भाग २०१६ चा. म्हणजे आठ वर्षांहून अधिक काळ लोक वाट पाहत होते.

एवढे पैसे घरातून मागायचे, तर आधी विचार करायला हवा. ‘चित्रे सुंदर आहेत’ किंवा ‘मित्राने घेतला’ ही कारणे पुरेशी नाहीत. खेळ म्हणजे नियमांचा संच. म्हणून नव्या भागाची परीक्षा करताना पहिला प्रश्न असा : कोणता नियम बदलला, आणि तो कोणत्या दोषावर उपाय म्हणून बदलला?

निर्मात्यांचा याबाबत एक संकेत आहे. नव्या भागात एक तृतीयांश गोष्टी जुन्या ठेवायच्या, एक तृतीयांश सुधारायच्या आणि एक तृतीयांश अगदी नव्या आणायच्या. चांगल्या बदलाचे उदाहरण पाचव्या भागात (२०१०) सापडते. तोपर्यंतच्या भागांत नकाशा चौकोनी घरांचा होता. चौकोनाच्या घरातून शेजारच्या घरात सरळ गेले तर अंतर १ धरू. पण कोपऱ्यातून तिरपे गेले तर पायथागोरसच्या प्रमेयाप्रमाणे ते १.४१ भरते. खेळात मात्र दोन्हींना एकच पाऊल! साहजिकच तिरपा जाणारा सैनिक फुकटात जास्त अंतर कापी. पाचव्या भागात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरे आली. षट्कोनाच्या केंद्रापासून सहाही शेजाऱ्यांची केंद्रे सारख्याच अंतरावर असतात. एक नियम बदलला आणि एक जुनी लबाडी संपली. अशा बदलासाठी पैसे मोजावेत.

मग सातव्या भागाने कोणता दोष हेरला?

वाढत जाणारी आघाडी

ज्याने हा खेळ शेवटापर्यंत नेला आहे, त्याला एक गोष्ट ठाऊक असते. निम्म्या खेळातच कोण जिंकणार ते कळून चुकते आणि उरलेल्या शंभर फेऱ्या नुसत्या उरकायच्या असतात. पुष्कळ खेळाडू डाव अर्धवट सोडून नवा मांडतात. याचे कारण चक्रवाढीत आहे. जास्त शेते म्हणजे जास्त माणसे, जास्त माणसे म्हणजे जास्त विद्या, आणि जास्त विद्या म्हणजे आणखी चांगली शेते. मिळकतीतूनच मिळकतीचा दर वाढतो. बर्फाच्या उतारावरून घरंगळणारा गोळा जसा प्रत्येक वेढ्याला अधिक बर्फ अंगावर घेतो, तसेच हे आहे. शास्त्रज्ञ याला धन प्रतिभरण म्हणतात. ध्वनिक्षेपकाचा आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरला की कर्कश शिट्टी वाजते, तोही याचाच प्रकार.

वहीत करून पहा. अ आणि ब या दोन राज्यांची संपत्ती सुरुवातीला १०० धरा. अ ची वाढ दर फेरीला ३ टक्के, ब ची २ टक्के. फरक फक्त एका टक्क्याचा आहे. १०० फेऱ्यांनंतर अ कडे सुमारे १,९२२ आणि ब कडे ७२४ होतात. २०० फेऱ्यांनंतर अ कडे सुमारे ३६,९३६ होतात आणि ब कडे ५,२४८. म्हणजे अ हा ब च्या सातपट झाला! (दुप्पट व्हायला किती फेऱ्या लागतात हे झटपट काढायचे असेल, तर ७० ला टक्केवारीने भागा. ३ टक्क्यांना सुमारे २३ फेऱ्या, २ टक्क्यांना ३५.) यानंतर ब ने कितीही शहाणपणाने डाव टाकले, तरी त्याला अ ला गाठणे अशक्यच.

सातव्या भागाने यावर उपाय योजला आहे. खेळाचे तीन स्वतंत्र युगांत भाग पाडले आहेत : प्राचीन, शोधयात्रांचे आणि आधुनिक. पहिल्या दोन युगांच्या शेवटी काही संकट कोसळते आणि पुढच्या युगाच्या आरंभी सर्वांचा डाव थोडा मागे खेचला जातो. खेळ प्रसिद्ध झाला तेव्हाच्या नियमांप्रमाणे बहुतेक शहरे पुन्हा गावे बनत, जुन्या इमारतींचे महत्त्व घटत असे आणि सैन्याचा काही भागच पुढे जाई.

आपल्या उदाहरणात हा उपाय घालून पाहू. हे गणित खेळातील खरे गणित नव्हे, केवळ नमुना आहे. २०० फेऱ्यांचे ६७, ६७ व ६६ असे तीन भाग करा आणि प्रत्येक भागानंतर अ ची आघाडी निम्मी करा. पहिल्या ६७ फेऱ्यांनंतर अ हा ब च्या १.९२ पट असतो, आघाडी ०.९२ ची. ती निम्मी केली की उरते १.४६ पट. दुसऱ्या युगाच्या शेवटी हे प्रमाण २.८१ होते, ते घटवून १.९० करायचे. तिसऱ्या युगाच्या शेवटी ते सुमारे ३.६ वर पोचते. कोठे सातपट आणि कोठे साडेतीनपट! अ अजूनही पुढे आहे, पण ब ला डाव सोडून उठण्याचे कारण उरलेले नाही. कागदावर पाहता हा उपाय बिनतोड वाटतो.

मग तक्रारी का?

खेळ प्रसिद्ध झाल्यावर ‘स्टीम’ या विक्रीकेंद्रावर खेळाडूंच्या मतांचा एकूण शेरा ‘संमिश्र’ असा पडला. त्या केंद्राच्या पद्धतीप्रमाणे, अनुकूल मते ४० ते ६९ टक्के असली की हा शेरा मिळतो. पडद्यावरची माहिती नीट वाचता येत नाही ही एक मोठी तक्रार होती. ती दुरुस्त होण्यासारखी असल्याने आपण सोडून देऊ. खरा रोष युगांवर होता.

त्याचे एक कारण मानसशास्त्रात सापडते. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताप्रमाणे, शंभर रुपये मिळाल्याचा आनंद आणि शंभर रुपये हरवल्याचे दुःख यांचे वजन सारखे नसते. दुःखाचे पारडे जड असते. पन्नास फेऱ्या खपून उभारलेले शहर पुन्हा गाव झाले, तर प्रतिस्पर्ध्याचेही तसेच झाले आहे या विचाराने समाधान होत नाही. गणिताने बरोबर असलेला नियम मनाला बोचतो तो असा.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. प्रत्येक युगाला खेळाडू नवी संस्कृती निवडतो. नेता मात्र तोच राहतो. भारताच्या बाजूने पाहिले तर प्राचीन युगात मौर्य, शोधयात्रांच्या युगात चोळ आणि आधुनिक युगात मुघल अशी साखळी जमते आणि सम्राट अशोक तिन्ही युगांत राज्य करू शकतो! चोळांची नेमणूक समजण्यासारखी आहे; राजेंद्र चोळाच्या आरमाराने १०२५ च्या सुमारास श्रीविजयावर स्वारी केली होती. पण पानिपतच्या पहिल्या लढाईने (१५२६) सुरू झालेली सत्ता ‘आधुनिक’ सदरात पाहून इतिहासाचे शिक्षक कपाळाला हात लावतील. एकच संस्कृती आरंभापासून अखेरपर्यंत नेणे हाच या खेळाचा मूळ आनंद, असे जुन्या खेळाडूंचे म्हणणे पडले. माझ्या मते त्यांचे म्हणणे बरोबर आहे. आघाडी आटोक्यात ठेवायला युगे लागतात, संस्कृती बदलण्याची त्यासाठी गरज नाही. एक दोष काढताना दुसरीच गोष्ट हातची गेली. २०२५ च्या अखेरीस निर्मात्यांनीही एकच संस्कृती शेवटपर्यंत नेण्याची सोय तपासून पाहत असल्याचे जाहीर केले.

संगणक कच्चा का खेळतो?

या मालिकेचा एक जुना रोग सातव्या भागानेही बरा केलेला नाही. समोरचा संगणक कच्चा खेळतो. १९९७ मध्ये ‘डीप ब्लू’ने विश्वविजेत्या कास्पारोव्हला हरवले, मग येथे अडचण काय? बुद्धिबळात पहिल्या चालीला २० पर्याय असतात आणि दोघांची एकेक चाल झाली की ४०० स्थिती संभवतात. क्लॉड शॅनन यांनी १९५० मध्ये बुद्धिबळाच्या एकूण संभाव्य डावांचा अंदाज १ वर १२० शून्ये इतका केला होता. पण बुद्धिबळात एका पाळीला एकच मोहरे हलते. येथे एका फेरीत सगळ्या तुकड्या हलतात. दहा तुकड्या असल्या आणि प्रत्येकीला सहा शेजारची घरे किंवा जागीच थांबणे असे सात पर्याय असले, तर एका फेरीचे पर्याय ७ चा दहावा घात, म्हणजे २८,२४,७५,२४९ होतात. अठ्ठावीस कोटींहून अधिक, आणि तेही शेती, बांधकाम व तहनामे न धरता!

एवढे पर्याय तपासणे घरगुती संगणकाला झेपत नाही. म्हणून कठीण पातळीवर संगणकाला अधिक बुद्धी न देता अधिक धान्य व सोने दिले जाते. दुबळ्या मल्लाला पाच गुण आधीच बहाल करण्यासारखे हे झाले. सातव्या भागातील एक बदल मात्र या गणितात बसतो. एका सेनापतीच्या हाताखाली सुरुवातीला चार तुकड्या एकत्र बांधून नेता येतात. दहा तुकड्या तीन सेनापतींकडे दिल्या की कूच करण्याचे पर्याय ७ चा तिसरा घात, म्हणजे ३४३ वर येतात. माणसाचाही वेळ वाचतो. युद्धभूमीवर तुकड्या पुन्हा सुट्या कराव्या लागतात ही गोष्ट वेगळी, पण सेनापतीची ही कल्पना मला संपूर्ण नव्या भागातील सर्वांत सरस वाटते. तिच्यावर ओरड झाली नाही, म्हणून तिची चर्चाही झाली नाही.

मते वाचताना

मतांची टक्केवारी पाहताना नमुना कोणाचा आहे हे विचारावे. पहिल्या आठवड्यात पूर्ण किंमत मोजून मत लिहिणारा बहुधा जुना भक्त असतो. त्याची तुलना नेहमी सहाव्या भागाशी होते, आणि त्याच्यासमोर असतो दोन मोठ्या पुरवण्यांनी (२०१८ व २०१९) भरलेला सहावा भाग. नव्या भागाला ही तुलना जड जाणारच. पाचव्या भागाचेही असेच झाले होते. २०१२ व २०१३ च्या पुरवण्या आल्यावर त्याला खरा मान मिळाला. शिवाय मत देणाऱ्याने किती तास खेळून ते दिले हे तेथे छापलेले असते, ते जरूर पाहावे.

ऐकीव गोष्टींचीही तीच कथा. पहिल्या भागात गांधीजी अणुबाँब टाकतात, कारण त्यांच्या आक्रमकतेच्या १ या आकड्यातून २ वजा केल्यावर संगणकाने उणे १ ऐवजी २५५ धरले, ही गोष्ट जगभर सांगितली गेली. ८ बिटांच्या स्मृतीत ० ते २५५ एवढेच आकडे मावतात, म्हणून ती पटतेही. पण २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात सिड मायर यांनी असे काही घडलेच नव्हते, असे स्पष्ट लिहिले आहे.

आवडला नाही तर पैसे परत घेऊ, असा विचार कोणी करील. स्टीमच्या नियमाप्रमाणे खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असल्यास पैसे परत मिळतात. पण या खेळाचे दोन तास म्हणजे पहिल्या युगाचा थोडासा भाग. ज्या नियमावर वाद आहे, तो युगबदल त्यात दिसतच नाही. एवढ्या अवधीत संगणकावर खेळ नीट चालतो की नाही तेवढे मात्र कळेल.

आता निर्णय. ज्याच्याकडे सहावा भाग आहे त्याने पूर्ण किमतीला सातवा घेऊ नये. एकच संस्कृती शेवटपर्यंत नेण्याची सोय आणि एखादी मोठी पुरवणी यांची वाट पाहावी. ज्याने हा खेळ कधीच पाहिला नाही त्याने सहावा भाग पुरवण्यांसह सवलतीत घ्यावा. तशी सवलत वर्षातून अनेकदा निघते. ज्याला निम्म्या डावानंतरचा कंटाळाच नकोसा होतो, त्याला मात्र सातव्या भागाचे पैसे आजही वसूल होतील. आणि ज्याला एक पैसाही खर्च करायचा नाही, त्याच्यासाठी ‘फ्रीसिव्ह’ आहे. याच खेळावरून स्फूर्ती घेऊन १९९६ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झालेला हा खेळ विनामूल्य मिळतो आणि शाळेतील जुन्या संगणकावरही चालतो. त्यातील पुष्कळसे नियम साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेले असतात. वाढीचा एखादा आकडा बदलून, दोन गट पाडून पन्नास फेऱ्या खेळावे आणि दर दहाव्या फेरीला दोन्ही राज्यांची संपत्ती आलेखावर मांडावी.