मिळून सायकल चालवताना पाळावयाची शिस्त



आपल्या भागात सायकल अजून कामाची वस्तू आहे. गावात शाळा नसलेल्या सहावीच्या व नववीच्या मुलामुलींना मध्य प्रदेश शासनाच्या योजनेतून सायकली मिळतात. बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात पाळीवर जाणारे कामगार, वावरात किंवा संत्र्याच्या बगीच्यात कामाला निघालेले मजूर, हेही सायकलीवर जातात. जाताना सोबत हवीच असते, म्हणून चार-पाच जण मिळून निघतात. हे चांगलेच आहे. पण आपला रस्ता म्हणजे सावनेरहून छिंदवाड्याकडे जाणारा महामार्ग. त्यावर ट्रक, बस व ट्रॅक्टर यांची ये-जा असते. तेव्हा सोबतीने जाण्याचीही एक रीत आहे, ती आज समजून घेऊ.

मूळ गोष्ट एकच आहे. घोळक्यात मागच्या माणसाला पुढचा रस्ता दिसत नाही, त्याला दिसते ती पुढच्याची पाठ. म्हणून पुढे असणाऱ्याने मागच्या सर्वांसाठी पाहावयाचे असते. बाकीचे नियम यातूनच निघतात.

१) एका ओळीत चाला. महामार्गावर रस्त्याच्या डाव्या कडेने, एकामागे एक. गप्पांसाठी दोघे-तिघे बाजूबाजूने चालले की बाहेरचा माणूस गाड्यांच्या वाटेत येतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारा ट्रक एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे सरकतो. चालकाला सायकल दिसून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच एवढे अंतर कापले जाते. ट्रक थांबावयास त्याहून पुष्कळ अधिक लागते. गप्पा गावातल्या मोकळ्या रस्त्यावर कराव्यात.

२) अंतर ठेवा. ताशी १५ किलोमीटर वेगाने आपली सायकल सेकंदाला सुमारे ४ मीटर जाते. म्हणून दोन सायकलींमध्ये निदान दोन सायकलींच्या लांबीएवढी जागा असावी. पावसात याच्या दुप्पट, कारण ओल्या रिमवर ब्रेक लवकर धरत नाहीत. आपले पुढचे चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीही नेऊ नये. पुढचा थोडा जरी आडवा झाला, तरी चाके घासतात, आणि अशा वेळी बहुधा मागचाच पडतो.

३) बोलून व खुणेने सांगा. खड्डा, गिट्टी, कुत्रे किंवा उभी बंडी दिसली की पुढच्याने हाक द्यावी आणि प्रत्येकाने ती मागे पोचवावी. मागून गाडी आली तर शेवटच्याने सांगावे व ती हाक पुढे जावी. कोणी ‘खड्डा’ म्हणतो, कोणी ‘गड्ढा’. दोन्ही चालेल, पण सर्वांना कळेल असे शब्द निघण्यापूर्वीच ठरवावेत. वळावयाचे असल्यास आधी मागे पाहावे, मग त्या बाजूचा हात आडवा करावा. थांबावयाचे असल्यास उजवा हात खाली-वर हलवावा व रस्ता सोडून कडेला थांबावे. न सांगता ब्रेक दाबणे हा घोळक्यातला सर्वांत मोठा अपराध होय.

४) सर्वांत हळू चालणाऱ्याचा वेग तोच सर्वांचा वेग. लहान मूल किंवा दमलेला माणूस मध्ये असावा. पुढे व शेवटी जाणते, सशक्त माणूस असावे. याचे आणखी एक कारण आहे. पुढचा माणूस वारा अडवतो, त्यामुळे मागच्याचे श्रम वाचतात. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने पूर्ण केली. अशा एकट्याच्या शर्यतीत दुसऱ्याच्या मागे राहून वाऱ्याचा आडोसा घेण्यास मनाई असते, इतकी त्याची मदत होते. आपल्याला ही मदत घेण्यास कोणाची मनाई नाही. समोरून वारा असेल तर सशक्तांनी आळीपाळीने पुढे व्हावे. मात्र जागा बदलावयाची ती रस्ता मोकळा असतानाच. पंक्चर झाले तर सर्वांनी थांबावे. मागे राहिलेल्या मुलीला एकटी सोडून जाऊ नये.

५) ओझे नीट बांधा. कुदळ, विळा यांचे टोक बाजूला निघालेले नसावे. विळ्याची धार पोत्यात गुंडाळावी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला धरून चालणे हा खेळ मुलांना मुळीच करू देऊ नये. थंडीत सकाळी धुके असते, म्हणून मागच्या मडगार्डवर लाल रिफ्लेक्टर व अंगात फिकट रंगाचे कपडे असावेत.

एवढे करूनही कोणी पडलाच, तर एकाने मागे जाऊन गाड्यांना इशारा करावा व दुसऱ्याने १०८ वर फोन करावा. मान किंवा पाठ दुखत असेल तर त्याला ओढून बसवू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. पोलिसांच्या भीतीने दूर राहू नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने, सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे व त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती नाही.

हे पान घरातील मुलांना वाचून दाखवावे, अशी आमची विनंती आहे. मग मुलांनाच विचारावे : तुमच्या घोळक्यात पुढे कोण असतो, शेवटी कोण असतो आणि हाक कोणती देता? उत्तर नीट आले नाही, तर उद्या शाळेला निघण्यापूर्वी ते ठरवून घ्यावे, आणि तेव्हाच प्रत्येक सायकलीचे दोन्ही ब्रेक, घंटी व हवा तपासून पाहावी.